आईला कोण बघतं

"तुमच्या आईंना बघणारं माणूस आमच्याकडे आधीच नोंदलेलं आहे," सरकारी मदतीच्या कचेरीतली मिस पार्फिट म्हणाली आणि तिने संगणकाचा पडदा थोडा आपल्याकडे वळवून घेतला. नेरिस त्यातलं काही चोरून नेणार होती की काय कुणास ठाऊक.

नेरिसला वाटलं, बाई आपल्याबद्दलच बोलतेय. ती म्हणाली, हो ना, मीच ती, नऊ वर्षं झाली. मिस पार्फिटने नकारार्थी मान हलवली. पडद्यावर नाव होतं हैडन प्रोसर. नातं, मुलगा. आठवड्याचे तास, पस्तीस किंवा अधिक.

आता पस्तीस मिनिटं लिहिली असती तरी नेरिसने वाद घातला असता. हैडन तिचा धाकटा भाऊ. गावाच्या दुसऱ्या टोकाला, सट्ट्याच्या दुकानावरच्या खोलीत राहायचा. दर रविवारी दुपारी एकच्या ठोक्याला आईकडे यायचा, भाजलेलं मटण आणि बटाटे हाणायचा, आईच्या कपाळावर ओठ टेकवायचा आणि मॅच सुरू व्हायच्या आत कामगारांच्या क्लबात पोचायचा. ह्याला जर बघणं म्हणायचं असेल, तर रस्त्यावरचं मांजरही आईला बघत होतं. तेही रविवारीच यायचं.

नेरिस प्रोसर छप्पन्न वर्षांची. लग्न एकदा केलं होतं, ते टिकलं नाही, मूलबाळ नाही. नऊ वर्षांपूर्वी आईला दुसरा झटका आला, डावं अंग कायमचं गेलं, आणि नेरिसने शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी सोडून दिली. तेव्हापासून ती आईच्याच घरात वरच्या खोलीत राहत होती. सकाळी सहाला उठायचं, आईची ओली चादर काढायची, तिला पुसायचं, कूस बदलायची, उचलायच्या यंत्राच्या झोळीत घालून खुर्चीत बसवायचं. गोळ्या, जेवण, कमोड, परत झोळी, परत पलंग. रात्री दोन वेळा उठून कूस बदलायची. ह्याला तास कुठे मोजतात? चोवीस असतात म्हणून चोवीस.

सरकारकडून ह्याबद्दल तिला आजवर दोन-तीन वेगवेगळ्या खिडक्यांमधून थोडे थोडे पैसे मिळत. आता जुन्या मदती गुंडाळून सगळ्यांची मिळून एकच नवी मदत करायची, असं वर कुणीतरी ठरवलं होतं. घरोघर पत्रं निघाली. तीन महिन्यांत नवा अर्ज करा, नाहीतर जुनं बंद. नेरिसने वाचनालयात बसून, तिथल्या मुलाला विचारून विचारून अर्ज भरला. 'तुम्ही कुणा आजारी व्यक्तीची काळजी घेता का?' ह्या प्रश्नावर तिने हो केलं, आईचं नाव लिहिलं, आणि एवढ्या लांबलचक अर्जातला हा एक प्रश्न तरी सोपा निघाला म्हणून तिला बरं वाटलं.

मिस पार्फिट वाईट बाई नव्हती. तिशीची असेल, गळ्यात ओळखपत्र, आवाज मऊ. तिने नियम समजावून सांगितला. एका आजाऱ्यामागे एकालाच हे पैसे मिळतात. भावाचं पत्र पाच महिने आधी गेलं होतं, त्याने आधी अर्ज केला, आईचं नाव आधी लिहिलं. आता दोघांनी आपसात ठरवून कळवायचं. नाही जमलं तर कचेरी ठरवेल, आणि त्यासाठी आईंना फोन करून विचारेल.

"आणि तोपर्यंत?" नेरिसने विचारलं.

तोपर्यंत नेरिस कुणाचीच काळजी घेत नव्हती. म्हणजे कागदावर. आणि जी बाई कुणाची काळजी घेत नाही, तिने आठवड्याचे पस्तीस तास काम शोधायला हवं. मिस पार्फिटने शोधून ठेवलंही होतं. त्यांचं गाव जुन्या खाणींच्या दरीत, तिच्या पार खालच्या टोकाला पार्सलांचं गोदाम, पुढच्या सोमवारी साडेआठला मुलाखत. सव्वासातची बस, मग दुसरी बस. गेली नाही तर पैसे थांबतील. गेली आणि काम मिळालं तर आईला कोण उठवणार, ते सांगायला पडद्यावर जागा नव्हती. नेरिसला ते पाठ होतं. मागे एकदा तिची स्वतःची कंबर धरली होती तेव्हा पालिकेची बाई येऊन सांगून गेली होती, घरी करणारं कुणी नसेल तर आईला समुद्राकडच्या वृद्धाश्रमात हलवावं लागेल. चाळीस मैल लांब. आईने तेव्हा दोन दिवस अन्न घेतलं नव्हतं.

म्हणजे गोष्ट एवढीच होती. 'आईला कोण बघतं' ह्या प्रश्नापुढे नेरिसचं नाव लागलं तर आई घरात राहणार होती. हैडनचं राहिलं तर नाही.

ती कचेरीतून निघाली ती तडक क्लबात गेली. बायकांनी दुपारी तिथे एकटं जायची रीत नाही, पण रीतीची पर्वा कुणाला होती. हैडन खिडकीपाशी बसला होता, समोर अर्धा पेला. तिने सगळ्यांसमोर विचारलं. तो गोरामोरा झाला. त्याचं म्हणणं असं, की त्या अर्जात प्रश्न होता, आणि तो आईला रोज फोन करतो. फोनवर हाकेला असणं हेही बघणंच झालं ना. शिवाय नेरिसचे पैसे जुन्या खात्यातले, त्याचे नव्यातले, दोघांनाही मिळतील असं त्याला वाटलं.

"रोज फोन करतोस?" नेरिस म्हणाली. "काल काय खाल्लं तिने? सांग."

हैडनने पेल्यात बघितलं. शेजारच्या टेबलावरचा एकजण मध्येच म्हणाला, की हैडन आपल्या आईसाठी किती करतो हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. तेव्हा नेरिसला कळलं, ह्याने कचेरीलाच नाही, क्लबालाही हेच सांगितलंय. टायरच्या कारखान्यातून पाठीच्या दुखण्यापायी काढून टाकलेला बावन्न वर्षांचा बेकार गडी, असं कोण म्हणवून घेईल? त्यापेक्षा आईसाठी घरी बसलेला मुलगा बरा दिसतो. चार लोक पेला पाजतात. कष्ट बहिणीने उपसायचे आणि त्याचा मोठेपणा ह्याने क्लबात बसून मिरवायचा.

तिने त्याला नाव काढून घ्यायला सांगितलं. तो म्हणाला, काढलं तर मला त्या गोदामात पाठवतील, माझी पाठ जाईल, आणि पाच महिन्यांचे पैसे परत मागतील ते कुठून देऊ. मग म्हणाला, बघू. त्या दरीतले पुरुष 'बघू' म्हणाले की समजायचं, ते आता बघणार नाहीत.

नेरिस घरी आली. आईला तिने ह्यातलं काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं काय? कचेरी आईला विचारणार, तुम्हाला कोण बघतं, आणि आई सांगणार. आई चालू शकत नव्हती, पण तिचं डोकं अजून लख्ख होतं. रस्त्यावरच्या प्रत्येक घराची तीन पिढ्यांची भानगड तिला तारीखवार माहीत. तिला काय शिकवून ठेवायचं? शिकवलं तर उलट ते खोटं वाटलं असतं.

गुरुवारी दुपारी फोन आला. आईचं नाव आयल्वेन. ऐंशी पार केलेली, पांढरे केस रोज विंचरून मागे घेतलेले, पुढच्या खोलीत खिडकीशी पलंग. हीच खोली पूर्वी पाहुण्यांसाठी राखलेली असे, पोरांना आत पाय टाकायची मुभा नव्हती. आईच्या चालत्या उजव्या हातात फोन होता, म्हणून नेरिस तिला चमच्याने रस्सा भरवत होती. मटण, गाजर आणि कांद्याची पात, सगळं मऊ शिजवून घोटलेलं, कारण आईला घास अडकायचा. पलीकडच्या माणसाचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. त्याने आईचं नाव, जन्मतारीख, पत्ता विचारला. मग विचारलं, तुमची रोजची काळजी मुख्यतः कोण घेतं?

आईने तोंडातला घास गिळला.

"माझा मुलगा. हैडन," ती म्हणाली. "फार गुणी आहे हो."

नेरिसचा हात चमच्यासकट तसाच राहिला. माणसाने पुन्हा विचारलं, आणि मुलगी? आई म्हणाली, मुलगी असते की घरात, हातभार लावते. माणसाने आभार मानले. आईने फोन पलंगावर ठेवला आणि पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडलं.

नेरिसने वाटी खाली ठेवली.

"आई, काय बोललीस तू हे?"

आई शांत होती. म्हणाली, त्यांच्या कागदावर जे होतं तेच बोलले. खाणीच्या संपाच्या वर्षी असंच करायचो आम्ही. कचेरीचा माणूस दारात आला की सगळी आळी एकच सांगायची, जे त्यांनी लिहिलंय तेच. वेगळं काही बोललं की ते खोदत बसतात आणि आहे तेही काढून घेतात.

"त्याला चाळीस वर्षं झाली."

"कचेरी तीच आहे."

"मूर्ख नाहीस तू," नेरिस म्हणाली. "मला खरं सांग."

आई बोलली तेव्हा तिचा आवाज एकदम साधा होता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा.

"हैडनने मला फोन करून आधीच सांगितलं होतं. त्याचं नाव गेलं तर त्याला गोदामात घालतील. तो मोडेल, पोरी. तो लहानपणापासून असाच आहे. तू मोडत नाहीस."

"आणि मला गोदामात घातलं तर? तुझं कोण करेल?"

"तूच," आई म्हणाली. "तू दोन्ही करशील. तू नेहमीच करतेस."

ती हे कौतुकाने म्हणाली, आणि नेरिसला सगळ्यात झोंबलं ते हेच. शिवी दिली असती तरी चाललं असतं. नऊ वर्षांत आई कधी तिला बरं बोलली नव्हती आणि बोलली ती आता, ह्या कामासाठी. नेरिस उठली, स्वयंपाकघरात गेली आणि नळ पूर्ण सोडून तिथे उभी राहिली. तिला वाटलं, ह्या बाईला आत्ता इथेच टाकून निघून जावं, बसमध्ये बसावं आणि बस जाईल तिथे उतरावं. मग रस्सा गार होईल म्हणून ती परत आत गेली आणि तिने उरलेला रस्सा भरवला. आईने सगळा संपवला.

शुक्रवार, शनिवार ती आईशी कामापुरतं बोलली. कूस बदल. तोंड उघड. हात वर. आई काहीच न झाल्यासारखी वागत होती, आणि त्यामुळे नेरिसचं डोकं आणखी तापत होतं. तिने मिस पार्फिटला फोन केला. मिस पार्फिटने मऊ आवाजात सांगितलं की आईंचं म्हणणं नोंदलं गेलंय, त्या स्वतः काही वेगळं सांगणार असतील तर त्यांनी स्वतः फोन करावा, आणि सोमवारची मुलाखत मात्र चुकवू नका.

रविवारी एकच्या ठोक्याला हैडन जेवायला आला. आईने आपल्या वाटणीचा खरपूस बटाटा त्याला दिला, दर रविवारी देते तसा. त्याने खाल्ला. नेरिस म्हणाली, उद्या मला मुलाखतीला जायचंय, तू सातला ये आणि आईचं सगळं कर. तो म्हणाला, येतो की, त्यात काय एवढं. आईने नेरिसकडे एकदा बघितलं.

सोमवारी नेरिस नेहमीसारखी सहाला उठली. खाली आली, स्वतःसाठी चहा केला, कपडे घातले, केस बांधले. पुढच्या खोलीत ती गेली नाही. आईने दोनदा हाक मारली. नेरिसने दारातून सांगितलं, हैडन येतोय, तो करेल.

हैडन सात वाजून पाच मिनिटांनी आला, डोळे चोळत. नेरिस कोट घालून तयार होती. तिने त्याला सगळं दाखवलं. हे कोमट पाणी, हे टॉवेल, एक तोंडाला, एक खालच्या अंगाला, अदलाबदल करायची नाही. ही नवी चादर. हे मलम. झोळीचे चार पट्टे, पायाकडचे आधी, नाहीतर ती घसरून पडेल. डावा हात आधी बाहीत घालायचा. डायपर आधी काढ, रात्रभराचा आहे. ती रागाने नाही, नीट, एकेक करून सांगत होती. मिस पार्फिटलाही दोष काढता आला नसता.

हैडनने पांघरूण उचललं. वास आला. त्याने पांघरूण परत टाकलं आणि तो बहिणीकडे बघत उभा राहिला.

"मला बस आहे," नेरिस म्हणाली.

त्याने पुन्हा हात पुढे केला. आईने चालत्या हाताने पांघरूण घट्ट धरलं. तिचं तोंड भिंतीकडे होतं.

"नेरिस, त्याला नको," ती म्हणाली. "तो मुलगा आहे माझा."

नेरिसला खरंच जायचं होतं की नाही, हे पुढे तिने स्वतःला पुष्कळदा विचारलं. कोट घातला होता, पर्समध्ये बसचे सुटे पैसे होते. पण हे वाक्य ऐकलं आणि ती कोटासकट खुर्चीत बसली. बाहेर सव्वासातची बस उतारावरून कुरकुरत खाली आली, थांबली, गेली.

"कचेरीचा फोन आठला सुरू होतो," ती म्हणाली. "तू त्यांना खरं सांगशील. मग मी तुला साफ करेन. तोपर्यंत तुला जो बघतो त्याने करावं."

हैडन म्हणाला, नेरिस, असं काय करतेस, निदान चादर तरी काढ. ती म्हणाली, तू काढ की, पस्तीस तास आहेत तुझ्याकडे. तो दाराशी जाऊन उभा राहिला.

पाऊण तास फार मोठा असतो. ओली चादर दहा मिनिटांत गार पडते, नेरिसला हे कुणी सांगायला नको होतं. आईला थंडी भरली तेव्हा तिने उठून वरून आणखी एक पांघरूण घातलं आणि परत येऊन बसली. त्याहून जास्त तिने काही केलं नाही. प्रत्येक मिनिटाला तिचे हात आपोआप उठू बघत होते आणि ती ते मांडीवर दाबून ठेवत होती. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि रागही जात नव्हता. दोन्ही एकदम होत होतं. एकदा आई म्हणाली, तुझ्या बापाने हे बघायला हवं होतं. नेरिस म्हणाली, हो, बघायला हवं होतं, सगळंच.

आठ वाजता तिने नंबर लावला आणि फोन मोठ्या आवाजावर आईच्या उशाशी ठेवला. काहीतरी खेळकर संगीत वाजायला लागलं. मधून मधून एक बाई येऊन सांगे, तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. तिघंही ते ऐकत होते, आई भिंतीकडे तोंड करून, हैडन हातात टॉवेल घेऊन, नेरिस कोटात. संगीत संपे, बाई बोले, संगीत पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. नेरिसच्या मनात आलं, ह्या दरीत आत्ता ह्या क्षणी अजून किती घरांत हीच बाई बोलत असेल. कुणाकुणाच्या ओल्या चादरी अशा खोळंबल्या असतील. आणि ज्याने हे संगीत निवडलं त्याला कुणी तरी एकदा, एकदाच, असं निजवून ऐकवायला हवं.

आठ पंचवीसला माणूस बोलला. पुन्हा नाव, जन्मतारीख, पत्ता. आईने सगळं सांगितलं. मग ती थांबली. आयल्वेन प्रोसर चाळीस वर्षं चर्चमध्ये रविवारची शाळा घेत होती. खोटं बोलू नये हे तिने अर्ध्या गावाला शिकवलं होतं.

"गुरुवारी मी तुमच्या माणसाशी खोटं बोलले," ती म्हणाली. "मला माझी मुलगी बघते. नेरिस. सगळं तीच करते."

माणसाने विचारलं, तुमच्यावर कुणी दबाव आणलाय का? आई एवढा वेळ भिंतीकडे बघत होती, ती आता वळली आणि तिने नेरिसकडे बघितलं. नेरिसनेही नजर हटवली नाही. आईने हो म्हटलं असतं तर ते खोटं झालं नसतं.

"नाही," आई म्हणाली. "कुणी नाही."

मग नेरिसने फोन भावाच्या हातात दिला. हैडनने घसा साफ केला आणि सांगितलं की हो, बरोबर आहे, मी नाही, ती. त्याने ते इतक्या हळू सांगितलं की माणसाने त्याला तीन वेळा पुन्हा म्हणायला लावलं. माणसाने नोंद घेतली. निर्णय पत्राने कळेल म्हणाला, किती दिवसांत ते सांगता येणार नाही. आजची मुलाखत चुकली असेल तर तो विषय वेगळा, त्यासाठी आपल्या सल्लागारांशी बोला. आणखी काही मदत करू शकतो का? नेरिसने फोन ठेवला.

तिने कोट काढून खुर्चीवर टाकला. पाणी गार झालं होतं, ती दुसरं घेऊन आली. हैडन स्वयंपाकघरात निघून गेला. तिने पांघरुणं काढली, डायपर काढला, आईला आपल्याकडे वळवलं. आईने रोजच्यासारखा उजव्या हाताने तिचा खांदा पकडला. माकडहाडापाशी कातडी लाल झाली होती, अर्ध्या तळव्याएवढी. नेरिसने त्यावर बोट दाबलं. बोट उचलल्यावर लाली तशीच राहिली; जखमेची सुरुवात अशीच होते. तिने मलम घेतलं आणि हळूहळू लावलं, जास्तच वेळ लावलं.

"तू मला तशीच ठेवलीस," आई म्हणाली.

"हो."

"मी विसरणार नाही."

"नको विसरूस," नेरिस म्हणाली. "मीही गुरुवार विसरणार नाही."

तिने चादर बदलली, आईला कोरडं केलं, डावा हात आधी बाहीत घातला, केस विंचरले. आई स्वच्छ होऊन उशीला टेकली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर परत थोडा रंग आला. तिने दाराकडे बघितलं.

"हैडनने सकाळपासून काही खाल्लं नसेल," ती म्हणाली. "जायच्या आधी त्याला दोन टोस्ट करून दे."

नेरिसच्या हातात ओल्या चादरीचा बोळा होता. हा बोळा बाईच्या तोंडावर मारावा असं तिला एक क्षण वाटलं, अगदी खरं खरं वाटलं. मग तिला हसू आलं, आणि ते चांगलं हसू नव्हतं.

"पाच महिने तुला बघत होता तो," ती म्हणाली. "त्याचे टोस्ट तो करेल."

आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. मग बंद केल्याचा. मग दुसरं उघडलं. हैडन ब्रेड शोधत होता. ह्या घरात ब्रेड गेली तीस वर्षं एकाच जागी, चुलीशेजारच्या पत्र्याच्या डब्यात असायचा. तिसरं कपाट उघडलं. एक डबा खाली पडला. त्याने तिथूनच हाक मारून विचारलं, ब्रेड कुठे असतो?

नेरिसने आईकडे बघितलं. आईचं तोंड सवयीने उघडलं. मग तिने ते मिटलं, आणि ती खिडकीबाहेर बघत राहिली.